गुरुवारचा जुमा

"मॅडम, गुरुवारवाले मुसलमान व्हते का न्हाई? एका शब्दात सांगा."

हा फोन आला तेव्हा मी ताथवड्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या जिन्यात उभी होते. मी तिथे मुलांना समाजशास्त्र शिकवते. म्हणजे त्यांना हजेरी हवी असते आणि मला पगार, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे. 'एका शब्दात उत्तरे द्या' हा प्रश्न मी स्वतः परीक्षेत दरवर्षी घालते. हा मात्र मला सुटेना. गंमत अशी की मी याच विषयावर कित्येक वर्षं पीएचडी करत होते.

फोन करणारे जैनुद्दीन तांबोळी. चाकणचं जुनं घराणं. शेताला कंपन्यांनी वेढा घातल्यावर त्यांनी तिथे चाळी बांधल्या आणि कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या. त्यांच्या भाच्याचं लग्न तरन्नुम नावाच्या मुलीशी ठरलं होतं. ही तरन्नुम दस्तगीर शिकलगारांची नात, आणि दस्तगीर शिकलगार म्हणजे गुरुवारवाल्यांचे संस्थापक. निदान माझ्या प्रबंधात तरी.

"मामू, एका शब्दात नाही सांगता येणार."

"मंग दोन शब्दांत सांगा. पन लवकर. पत्रिका छापायच्या हायेत."

आता गुरुवारवाले कोण हे समजायला आधी आमच्याकडचा गुरुवार समजायला हवा. बाकी ठिकाणी रविवारी सुट्टी असते, आमच्या पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी. विजेचा भार वाटून घ्यावा म्हणून कधीकाळी वीज मंडळाने हा वार आमच्या पदरात टाकला. त्यामुळे लहानपणी मी रविवारी घरी असले की पप्पा कारखान्यात, आणि पप्पा गुरुवारी घरी असले की मी शाळेत. मला माझ्या वडिलांची नीट ओळख दिवाळीच्या सुट्टीतच व्हायची.

नव्वदच्या दशकात चिंचवडच्या एका कारखान्यात पप्पा लेथवर होते आणि दस्तगीरचाचा टूल ग्राइंडिंगला. शिकलगारांचं पिढीजात काम धार लावण्याचं, चाचा तेच मशीनवर करायचे. शुक्रवारी दुपारी नमाजाला सोडा, अशी कारखान्यातल्या मुसलमान कामगारांनी विनंती केली. मालकाने नाही म्हटलं नाही, फक्त जाणाऱ्याचा खाडा मांडायला सुरुवात केली. तेव्हा चाचांनी युक्ती काढली की गुरुवारी सगळे मोकळेच असतात, तर गुरुवारी जमू. कारखान्यामागे एक बंद पडलेली शेड होती आणि वॉचमन ओळखीचा होता. तिथे त्यांनी ताडपत्री अंथरली.

इथपर्यंत कुणालाच काही वावगं वाटलं नसतं. पण माणसं जमली की आपण का जमलो याचं कारण शोधू लागतात, आणि पंथ तिथून सुरू होतो. हे वाक्य माझ्या प्रबंधात आहे. माझे गाइड दिग्विजय सर यांनी त्याखाली लाल रेघ मारून 'पुरावा?' असं लिहिलं आहे.

पुरावा आहे. आधी ती नुसती गुरुवारची नमाज होती. मग कुणीतरी तिला जुमा म्हणालं, म्हणजे शुक्रवारच्या मोठ्या नमाजाचं नाव दिलं. मग दुसऱ्या पाळीचे लोक, ज्यांना शुक्रवारी मशिदीत सहज जाता आलं असतं, तेही जाईनासे झाले, कारण 'आपला काल झाला'. त्यावर कुणी हटकलं तर उत्तर तयार असे: कामगाराचा दिवस वीज मंडळ ठरवतं, आणि वीज मंडळ काय अल्लाच्या मर्जीबाहेर आहे का? हा युक्तिवाद मला वेगवेगळ्या म्हाताऱ्यांनी ऐकवला, आणि एकाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. चाचांचं प्रवचन साताऱ्याकडच्या मराठीत आणि अधूनमधून हिंदीत असे. बोट कापलं तर रक्त बघून घाबरू नये, सुपरवायझरशी खोटं बोलू नये पण सगळं खरंही सांगू नये, बायकोच्या हातात पगार द्यावा. धर्मशास्त्र म्हणून यात दम किती, हा प्रश्न रास्त आहे. मी तो पंचेचाळीस पानं चघळला आहे आणि माझं मत दर दहा पानांनी बदललं आहे.

नमाजानंतर खिचडी असे. हळूहळू मुसलमान नसलेलेही येऊ लागले. त्यांतले एक माझे पप्पा, साहेबराव. "आम्ही खिचडीला जायचो," एवढंच ते सांगत. "नमाज व्हायची, आम्ही बाजूला बसायचो." मी त्यांना प्रबंधात 'निरीक्षक' या रकान्यात टाकलं आणि पुढे गेले.

मशिदीतली वडीलधारी मंडळी समजावायला आली तेव्हा चाचा म्हणाले, मी जुमा कधी म्हटलंच नाही. हे ऐकून त्यांचेच लोक चक्रावले, कारण ते तर म्हणत होते. संस्थापक म्हणतो पंथ नाही, अनुयायी म्हणतात आहे, आणि बाकीचे म्हणतात असू नये. अशा गोष्टीची चिकित्सा करायची तरी कुठल्या टोकाने? माझी तीच पंचाईत झाली होती. मग कारखाना चाकणला हलला. नव्या जागी सुट्टी रविवारी. काही जणांनी रविवारी जमून पाहिलं, पण त्यांचं त्यांनाच हसू आलं. दस्तगीरचाचा पुढच्या शुक्रवारी मशिदीत गेले आणि शेवटच्या रांगेत उभे राहिले. कुणी काही विचारलं नाही. शेजारचा माणूस थोडा सरकला, बस. पंथ संपला.

चाचा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला वाटत होतं की मेलेल्या पंथावर लिहिण्यात एक सोय असते, तो उठून काही विचारत नाही.

जैनुद्दीनमामूंच्या फोननंतर मी चऱ्होलीला गेले. चाचांची बायको हलीमाबी तिथल्या एका नव्या सोसायटीत राहते, मुलगी शमशाद आणि नात तरन्नुम यांच्यासोबत. शमशाद चाकणच्या एका कंपनीत तपासणीला आहे, दिवसभर पार्ट बघून चांगला-वाईट ठरवते. तिचा नवरा सलीम तरन्नुम लहान असताना नाशिक रस्त्यावर ट्रकखाली गेला. एवढं मला माहीत होतं. तिचा निकाह कधी, कुठे, कुणी लावला हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या प्रश्नावलीत लग्नाचा रकाना नव्हता.

"त्याच शेडमध्ये लागला," हलीमाबी म्हणाल्या. "गुरुवारी. तिच्या अब्बांनीच पढवला."

म्हणजे गुरुवारवाल्यांच्या सगळ्या इतिहासात लागलेला एकुलता एक निकाह. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. एवढं मोठं प्रकरण माझ्या प्रबंधातून सुटलं होतं.

मामूंना कुणीतरी हे सांगितलं होतं आणि त्यांना घोर लागला होता. गुरुवारवाले मुसलमान नसतील तर तो निकाह कसला? आणि निकाह नसेल तर तरन्नुम कोण? मामू वाईट माणूस नव्हते. त्यांनी हे प्रश्न लाजत लाजत विचारले होते. पण चाकणला त्यांच्या घराला नाव होतं, आणि नाव असलेल्या माणसाला लोकांचं भय जरा जास्तच.

"तुला लग्नाची काळजी आहे का?" मी शमशादला विचारलं.

"लग्नाचं होईल काहीतरी," ती म्हणाली. "आजकालची पोरं आहेत, ती दोघं ऐकणार नाहीत. मला वेगळंच खातंय ताई. सलीम असता तर दुसऱ्या दिवशी पुन्हा निकाह लावून मोकळे झालो असतो. तो नाही. आता मी कुणाबरोबर लावू? मी त्याच्याबरोबर जे राहिले ते बरोबर होतं की नव्हतं, एवढं मला कुणीतरी सांगा."

माझ्याकडे पंचेचाळीस पानं होती आणि त्यांतलं एकही या बाईच्या उपयोगाचं नव्हतं. मी चहा पिऊन उठले.

रविवारी बैठक ठरली. मामू येणार, मौलाना येणार. हलीमाबींनी पप्पांनाही बोलावलं होतं. जुना माणूस म्हणून, असं मी समजले. शनिवारी सकाळी घरी पोहे खाताना मी सगळी हकिगत सांगत होते.

"मौलाना विचारणार, साक्षीदार कोण होते. दोन मुसलमान साक्षीदार असले की झालं म्हणे. एक इस्माईलभाई होते, ते वारले. दुसरा कोण ते हलीमाचाचींना आठवत नाही म्हणतात. पप्पा, तुम्ही होता ना त्या दिवशी? तुम्हाला आठवतं?"

पप्पा पोह्यांतली मिरची बाजूला काढत होते.

"साक्षीदार करीम व्हायचा होता," ते म्हणाले. "पण मशीनवर त्याला सोडवायला येणारा रिलीव्हर आला नाही. त्या गुरुवारी अर्जंट माल होता, जनरेटरवर काम चालू होतं. त्याला थांबवून घेतलं."

"मग कोण झालं?"

"मी."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझी आई गिरजाबाई कमी ऐकू येतं म्हणून सांगते, पण असं काही असलं की बरोबर ऐकते.

"तुम्ही तर बाजूला बसायचा," मी म्हणाले.

"पहिले काही दिवस बसलो. मग रांगेत एक जागा रिकामी राहायची, दस्तगीर म्हणाला, ये उभा राहा, रांग तुटते. मग उभा राहिलो. मग राहतच गेलो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी या पंथाचे उरलेले लोक शोधायला तळेगावपासून राजगुरूनगरपर्यंत फिरले होते, आणि त्यांतला एक माझ्या समोर मिरची निवडत होता. 'निरीक्षक' म्हणे.

"आणि साक्षीदार म्हणून तुम्ही कसे चालाल? दस्तगीरचाचांच्या लक्षात नाही आलं?"

"इतकी वर्षं शेजारी उभा होतो. कुणाच्या लक्षात येणार? त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, साहेबराव, तू ये."

"आणि तुमच्या? तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की."

"मग?"

"मग काय," पप्पा म्हणाले, "पोरगी नटून बसली होती."

आईने ओट्यावरचं फडकं उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, बौद्ध धम्मात आले तेव्हा घरातले देव बाहेर काढले म्हणून गावाने त्यांचं पाणी तोडलं होतं. आईने बावीस प्रतिज्ञा पाळण्यात कधी सूट दिली नाही, ना स्वतःला, ना आम्हाला. आमच्या वसाहतीच्या विहाराचे पप्पा अध्यक्ष. दर पौर्णिमेला पुढे बसून वंदना तेच घेतात.

"कुणासमोर वाकणार नाही म्हणून शपथ घेतली होती," आई म्हणाली. "आणि तुम्ही तिथं माथा टेकत होता? आणि मला सांगत होता खिचडी?"

"खिचडीपण होती."

"उद्या जाऊन खरं सांगा. मी मुसलमान नव्हतो म्हणून सांगा."

"सांगतो."

आई खुर्चीवर बसली. "आणि मग त्या पोरीचं काय?" ती म्हणाली. आई माझ्यावर उखडली, "तू शिकलीस ना एवढं? तू सांग की." मी म्हणाले, मला समजत नाहीये. हे मी माझ्या घरात बहुधा पहिल्यांदाच बोलले असेन.

रविवारी चऱ्होलीला हलीमाबींच्या घरच्या हॉलमध्ये आम्ही सगळे बसलो. पप्पांनी पांढरा शर्ट घातला होता आणि खिशावर नेहमीचा पंचशील झेंड्याचा बिल्ला होता. काढायला विसरले की मुद्दाम ठेवला, हे मी विचारलं नाही. मौलाना तरुण होते, चष्मा लावणारे, आवाज हळू. तरन्नुम आत होती. शमशाद दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, कितीदा सांगूनही बसली नाही.

मौलानांनी आधी मला विचारलं की माझा अभ्यास काय सांगतो. मी सुरुवात केली. मालकाचा खाडा, वीज मंडळ, शेड. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, जुमा चुकला तर जोहरची, रोजची दुपारची नमाज पढायची असते. दीनमध्ये, म्हणजे धर्मात, मजबुरीची सोय आधीच आहे. त्या लोकांनी कुणाला तरी फक्त विचारायला पाहिजे होतं."

माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथेच आडवं झालं. खरंच, का नाही विचारलं? कदाचित त्यांना सोय नकोच होती, गुरुवार हवा होता. कदाचित नुसता आळस. मला दोन्ही पटत होतं.

"मुलीबद्दल शंका नको," मौलाना मामूंकडे वळले. "निकाहात काही खोट निघाली तरी लेकराच्या बापाचं नाव जात नाही. तरन्नुम सलीमची औलाद आहे. यात वाद नाही."

मामूंनी सुटकेचा श्वास टाकला. तिथेच सगळं थांबलं असतं. पण चौकटीतून शमशाद म्हणाली, "आणि माझं?"

मौलानांनी चष्मा काढून पुसला. "निकाह कुणी पढवला ते महत्त्वाचं नाही. दोन गवाह मुसलमान होते का, एवढं कळलं तर मी सांगू शकतो. दुसरा गवाह कोण होता?"

हलीमाबी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "याद नहीं."

"मी होतो," पप्पा म्हणाले.

मामूंनी आधी पप्पांकडे आणि मग बिल्ल्याकडे पाहिलं. "साहेबराव, तुमी तर जयभीमवाले."

"व्हय."

शमशादने चौकट घट्ट धरली. तिला हे ठाऊक नव्हतं. लग्नात नवरीला कुठे दिसतं कोण कुठे उभं आहे ते. मी मध्ये पडून काहीतरी बोलणार होते, की अशा समूहांत सभासदत्व सैल असतं, सीमा धूसर असतात. हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आलेही. पण शमशादचा चेहरा बघून मी ते गिळले.

"साहेबराव," मौलानांनी हळूच विचारलं, "त्या वेळी तुम्ही कोण होता?"

मला वाटतं माझ्या सगळ्या प्रबंधाचा हाच प्रश्न होता आणि मी तो कधी कुणाला विचारला नव्हता. पप्पा बराच वेळ हाताची बोटं बघत राहिले. लेथवर एका बोटाचं टोक गेलेलं आहे, ते चोळायची त्यांना सवय आहे. 'मुसलमान नव्हतो' म्हणून सांगतो असं त्यांनी आईला कबूल केलं होतं. तेच खरंही होतं. मी खरं ऐकायच्या तयारीने बसले होते आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

"दस्तगीर जे म्हणायचा," पप्पा म्हणाले, "ते मी त्याच्यामागून म्हणायचो. सगळं."

"अर्थ माहीत होता?"

"विचारून घेतला होता त्याच्याकडून."

"आणि कलमा? ज्याने माणूस मुसलमान होतो तो?"

"तोपण."

"नुसता तोंडाने?"

"न्हाई," पप्पा म्हणाले. "मनापासून."

मौलानांनी चष्मा नीट केला. मग मामूंना म्हणाले, "हा माणूस कलमा पढला, रांगेत उभा राहिला आणि त्याने गवाही दिली. मनात काय होतं ते बघणारा वर बसलाय, ते माझं काम नाही. निकाह झाला."

शमशाद तिथेच खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडायला लागली. आतून तरन्नुम धावत आली आणि तिला धरून बसली.

मामूंना मात्र राहवेना. स्वभावच तसा. "पन साहेबराव," त्यांनी विचारलं, "तवा व्हता म्हंता. मंग आता?"

हा प्रश्न आधी माझ्या लक्षात आला नव्हता, पप्पांच्या आला असणार. तेव्हा होतो म्हटलं की नंतर सोडलं असं होतं, आणि सोडणारा माणूस कुणालाच आवडत नाही. आपल्या तोंडाने त्यांनी स्वतःला इकडचा पळालेला आणि तिकडचा फितूर करून घेतलं होतं.

"आता मी विहारात असतो," पप्पा म्हणाले.

मामू काही बोलणार तेवढ्यात मौलाना म्हणाले, "जैनुद्दीनभाई, पत्रिका छापायच्या होत्या ना तुम्हाला?" आणि चहा आला.

निघताना हलीमाबी लिफ्टपर्यंत आल्या. माझ्याकडे न बघता पप्पांना म्हणाल्या, "भाऊ, त्यांना माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही कोण ते. निकाह लागला त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले, साहेबराव काही बोलला नाही. मी म्हटलं, मग तुम्ही का नाही बोललात? तर म्हणाले, तोच पाहिजे होता मला. मग म्हणाले, चूक झाली का गं? मी काय सांगणार. जाईपर्यंत मधूनमधून विचारायचे, चूक झाली का गं."

लिफ्ट आली, दार उघडलं, पुन्हा बंद झालं. पप्पा तसेच उभे होते. "मला वाटलं होतं त्याच्या लक्षात नाही आलं," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं म्हणून गप्प होतो."

मी या पंथाची चिकित्सा करणारी बाई. आणि मला अजून ठरवता येत नाही की दस्तगीर शिकलगारांनी त्या दिवशी पोटच्या पोरीच्या लग्नात केला तो निष्काळजीपणा होता की तीच त्यांची श्रद्धा होती. नियम माहीत असून त्यांनी तो मोडला, आणि मोडून मरेपर्यंत त्याची भीती बाळगली. याला माझ्याकडे रकाना नाही. दिग्विजय सरांना सांगितलं तर ते विचारतील, पुरावा?

परतताना आळंदी रस्त्याला गाडी अडकली तेव्हा मी पप्पांना विचारलं, "मनापासून म्हणायचात, ते खरं की शमशादसाठी सांगितलंत?"

ते काचेबाहेर बघत होते. "मला वाटलं, तू काहीतरी शोधून काढलं असशील," ते म्हणाले. "मला तर आता सांगता येत नाही." आणि मग, "तुझ्या आईला काय सांगायचं ते बघ."

आईला मी काही सांगायची गरज पडली नाही. मामूंच्या चाळीत आमच्या वसाहतीतली दोन पोरं राहतात, बातमी आमच्या आधी घरी पोहोचली होती. आई त्या दिवशी जेवण वाढून आत निघून गेली. पौर्णिमेपर्यंत ती पप्पांशी भाजी-मिठापुरतंच बोलत होती.

पौर्णिमेला विहार भरला होता. आमच्या समितीचा सचिव नागसेन पुढे माइक घेऊन उभा होता. पप्पांना दारात बघून तो म्हणाला, "काका, या की पुढं." त्याच्या आवाजावरून त्याला सगळं कळलं आहे हे कळत होतं, आणि तो तरीही बोलावत होता. काही माना मागे वळल्या. पप्पांनी हात हलवून नाही म्हटलं आणि शेवटी, चपलांच्या बाजूला, सतरंजीच्या कडेवर बसले. मी त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले. शेजारचा माणूस थोडा सरकला. कशाला सरकला, जागा द्यायला की अंतर ठेवायला, हेही मला समजलं नाही.

नागसेनने क्षणभर वाट पाहिली आणि वंदना स्वतःच सुरू केली. तो म्हणायचा आणि सगळे त्याच्यामागून म्हणायचे. पप्पांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. आवाज मात्र येत नव्हता. विहारात सगळ्यांत मोठा आवाज नेहमी त्यांचा असायचा.

तेव्हा बायकांच्या पहिल्या रांगेतून आई उठली. गुडघे धरत, लोकांच्या मधून वाट काढत ती मागे आली आणि पप्पांच्या शेजारी बसली. हात जोडले, समोर बघत राहिली.

"मोठ्यानं म्हणा," ती म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."